पोयनाडची खारेपाट सायकल फेरी: गिरणीसाठी जा, सायकल मात्र बघून घ्या

आधी पैशाचं सांगून टाकते, कारण फोटो टाकल्यापासून सगळे तेवढंच विचारतायत. माणशी सातशे. त्यात सायकल, बरोबर येणारा माणूस, सकाळचा चहा-नाश्ता. जेवण वेगळं, आणि जिताडा मासा खायचा असेल तर आदल्या दिवशी फोन करून सांगायचं आणि भाव ऐकून गप्प बसायचं, खारेपाटातल्या तळ्यातला जिताडा स्वस्त मिळाला असं कुणी सांगितलं तर तो जिताडा नव्हता असं समजा. सायकलच्या दुकानाला बोर्ड नाहीये. अलिबाग-पेण रस्त्यावरच्या पोयनाडच्या बाजारपेठेत शिरलात की कुणालाही "सायकलवाले कुठे" विचारा, पंक्चरचं दुकान आहे, दारात ट्यूबा लटकलेल्या, शाळेतल्या पोरांच्या सायकली उलट्या करून ठेवलेल्या, तेच ते. काका पंक्चर काढतात आणि फेरीवर त्यांचा पुतण्या येतो. त्याने बीएला इतिहास घेतला होता हे तो पहिल्या पाच मिनिटांतच सांगतो.

त्यांच्याकडे दोन फेऱ्या आहेत. एक किनाऱ्याची, अलिबाग, आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा. ती आम्ही आधी केली होती, वाईट नाही. अलिबागची चुंबकीय वेधशाळा बाहेरून दाखवतात, मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय मोजमापाचं काम कुलाब्याहून १९०४ मध्ये इथे हलवलं आणि बांधकामात लोखंड टाळलं, आणि हे सगळं आपण ऐकतो ते लोखंडी सायकलवर बसून. आक्षीचा शिलालेख आहे, शके ९३४ म्हणजे १०१२ सालचा असं वाचन आहे आणि मराठीतला सगळ्यात जुना म्हणून त्याचं नाव घेतात, पण सालावरून अभ्यासकांत वाद आहेत आणि पोरगा तेही सांगतो, त्याबद्दल त्याला मार्क. चौलला अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी १४६९ च्या सुमारास उतरला, बरोबर विकायला एक घोडा, आणि तो घोडा पुढे जुन्नरच्या खानाने काढून घेतला, मग परत मिळवायला केवढी धडपड. रेवदंड्यात बेने इस्राएलांचं सिनेगॉग, हे लोक तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनिवार तेली. ऐकायला सगळं भारी आहे. पण घाणा कुठाय? नाही. गलबतं? नाही. प्रत्येक ठिकाणी "इथे होतं" एवढंच, आणि शनिवार-रविवारी त्या रस्त्यावर मुंबईच्या गाड्या कानाला चाटून जातात ते वेगळंच.

खारेपाटाची फेरी कुणी घेत नाही म्हणे. "ताई, तिकडे बीच नाही ना," असं पुतण्याच म्हणाला. आम्ही तीच घेतली, मी, नवरा आणि नववीतला भाचा.

ज्यांना खारेपाट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अलिबाग-पेण रस्त्याच्या धरमतर खाडीकडच्या अंगाला जी सपाट जमीन आहे ती खाडीकडून बांध घालून मिळवलेली आहे, म्हणजे बांध नसता तर भरतीचं पाणी तिथे रोज दोनदा आलं असतं. पावसाळ्यात भात, भात कापून झाल्यावर जिथे ओल टिकते तिथे वाल, आणि घरोघरी किंवा गावाच्या कडेला तळं. चढ औषधाला नाही. अलिबागहून सायकलने येणार असाल तर मध्ये कार्लेखिंड आहे, तिथे मांड्या भरून येतात, पण पोयनाडपासून पुढे सगळं ताटासारखं सपाट, माझ्यासारखीला बरं.

पहाटे निघालो, जानेवारी, थंडी होती, धुकं होतं, स्वेटरवर सायकल चालवणारी आम्ही तीन माणसं बघून एका आजींनी पुतण्याला विचारलं की यांचं काही हरवलंय का. पहिला थांबा चरी. पोयनाडपासून जवळच आहे. इथे शेतकऱ्यांच्या संपाचं स्मारक आहे, आणि मला लाज वाटते सांगायला पण आमच्या घरात कुणालाच, रायगड जिल्ह्यात जन्म काढलेल्या माझ्या नवऱ्यालासुद्धा, संपाचे पुढारी नारायण नागू पाटील या नावापलीकडे काही माहीत नव्हतं. २७ ऑक्टोबर १९३३ ला चरीत शेतकऱ्यांची परिषद झाली आणि कुळांनी ठरवलं की खोताची, म्हणजे गावच्या वतनदार जमीनमालकाची, जमीन कसायची नाही. एक गाव नाही, आसपासची पंचवीस गावं. आणि हे चाललं १९३९ पर्यंत. सहा वर्षं! शेतं पडीक. लोकांनी डोंगरातून लाकूडफाटा आणून विकला, जे मिळेल ते खाल्लं, पण नांगर धरला नाही. कारण काय तर बी कुळांचं, बैल कुळांचे, बांध फुटला तर चिखलात उतरणारे हे, आणि पीक आलं की अर्धं खोताच्या खळ्यात, वर आणखी काय काय हक्काच्या नावाखाली. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाला पाठिंबा दिला, १९३७ मध्ये खोती नष्ट करायचं विधेयक मुंबई प्रांताच्या विधानसभेत मांडलं, जानेवारी १९३८ मध्ये मुंबईत शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा निघाला. मग १९३९ चा कुळकायदा, खोती रद्द १९४९ च्या कायद्याने, आणि १ एप्रिल १९५७ ला कसेल तो मालक.

हे सगळं पुतण्या स्मारकापाशी उभं राहून सांगतो. सांगतो बरं, पण पाठ केल्यासारखं, सनावळ्या धडाधड, मध्ये प्रश्न विचारला की गाडी रुळावरून घसरते आणि परत पहिल्यापासून. भाच्याने विचारलं की सहा वर्षं भात नाही तर खाल्लं काय, तर म्हणे "ते पुढे सांगतो" आणि पुढे काही सांगितलं नाही. बाबा रे, तोच तर प्रश्न आहे! गावात संपातल्या लोकांच्या नातवंडा-पतवंडांची घरं असणार, एखाद्या म्हाताऱ्या माणसाजवळ पाच मिनिटं बसवलंस तरी चालेल.

तिथून बांधावर. हा फेरीचा सगळ्यात सुंदर तुकडा आणि सायकलची सगळ्यात मोठी परीक्षा. बाहेरचा जो मोठा बांध खाडीला अडवतो त्याला बाहेरकाठा म्हणतात, आतल्या बाजूला शेतं, बाहेरच्या बाजूला तिवरं आणि मारांडीची झुडपं. मारांडी काटेरी असते, चाक कडेला गेलं की पंक्चर, नवऱ्याचं झालं, पुतण्याने पाच मिनिटांत काढून दिलं, त्यात त्याचा हात कुणी धरू शकत नाही. बांधावर वाट म्हणजे वाळून तडे गेलेली माती, दोन वितींची सपाट जागा, तिथे सायकल चालवताना खाली बघायचं की खाडीवरचे बगळे बघायचे हे ठरवून घ्या, दोन्ही होत नाही.

मध्ये एक उघाडी दाखवतात, आणि इथे मात्र पोरगा खुलतो कारण हे त्याने पुस्तकात वाचलेलं नाही, लहानपणापासून बघितलेलं आहे. उघाडी म्हणजे बांधातलं दार. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी दाराला बाहेर ढकलतं, दार उघडतं, पाणी खाडीत जातं. भरती आली की खाडीचं पाणी बाहेरून दाबतं आणि दार आपोआप बंद. माणूस लागत नाही, मोटर लागत नाही. दार गंजलं, झाकण नीट बसलं नाही किंवा मध्ये ओंडका अडकला की झालं, खारं पाणी आत. आणि बांध फुटायला वादळच लागतं असं नाही, खेकड्याचं बीळ पुरतं, बिळातून पाणी झिरपतं, धार लागते, अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला भगदाड. एकदा खारं पाणी शेतात बसलं की पावसाने मीठ धुऊन निघेपर्यंत दोन-तीन वर्षं भाताचं नाव नको, आणि तेवढ्यात तिवरं उगवली तर ते शेत परत मिळवणं कठीण. पूर्वी गावातले लोक आपापसात वाटून बांध राखायचे, ज्याचं शेत त्याच्याकडे बांधाचा तेवढा तुकडा, आणि फुटला की हाक दिली की घरटी एक माणूस चिखल घेऊन हजर. आता खारभूमीचं सरकारी खातं आहे, १९७९ चा कायदा आहे, आणि आम्ही बघितलं त्यात बांधाचे काही तुकडे मस्त आणि काही असे की सायकल उचलून खांद्यावर घ्यावी लागते.

आता गिरण. ज्यासाठी मी हा एवढा पसारा लिहितेय.

एका गावाच्या तोंडाशी, कौलारू, भिंतींना तुसाचा थर, दारात बैलगाडीऐवजी आता टेम्पो आणि ॲक्टिव्हा, ॲक्टिव्हाच्या पायात भाताचं पोतं. चालू भातगिरण. हेरिटेज वगैरे काही नाही, लोकांचं भात भरडून देते म्हणून चालू आहे. गिरणवाल्याच्या आजोबांनी टाकली. पूर्वी डिझेलचं इंजिन होतं, ते कोपऱ्यात पडलंय, भलंमोठं चाक, आता विजेची मोटर आहे पण बाकी सगळं तेच, वर भिंतीपासून भिंतीपर्यंत लोखंडी दांडा, त्यावर पुल्या, पुल्यांवरून खाली उतरलेले रुंद पट्टे. मोटर चालू केली की दांडा फिरतो आणि पट्टे फटफट करत पळायला लागतात, पट्टा घसरायला लागला की गिरणवाला त्याच्यावर राळेचा खडा धरतो, चालू पट्ट्यावर, आपलाच जीव वर येतो. "इंजान होता तवा आवाज पार खाडीपलीकडं जायचा," असं एक आजोबा पोत्यावर बसून म्हणाले, "लोकं समजायची, गिरण चालू झाली, चला."

भात वरच्या चाडीत ओततात, खाली हलर. हलरच्या आत खाचा असलेला लोखंडी रूळ फिरतो, एका बाजूला पाती, खाली जाळी, भात त्या मधल्या जागेत एकमेकांवर आणि लोखंडावर घासलं जातं आणि तूस सुटतं. पाती किती आत सरकवायची ही सगळी कला. जास्त दाबली तर तांदूळ पांढराशुभ्र पण कण्या फार, कमी दाबली तर भात तसंच राहतं. गिरणवाला दर थोड्या वेळाने खाली पडणारा तांदूळ मुठीत घेतो, तळहातावर पसरतो, फुंकर मारतो, आणि पाती केसभर सरकवतो. त्याला भाच्याने विचारलं किती सरकवली तर म्हणाला जेवढी पाहिजे तेवढी. क्विंटलभर भातातून साठ-पासष्ट किलो तांदूळ हातात येतो, बाकी तूस, कोंडा आणि कण्या. नवीन रबरी रोलरच्या गिरण्यांत कण्या कमी होतात, तांदूळ जास्त उतरतो, हे तो स्वतःच सांगतो, लपवत नाही. मग इकडे का येतात लोक? तर एका बाईंनी सांगितलं की मोठ्या गिरणीत आपलं पोतं देतो आणि दुसऱ्याचा तांदूळ घेऊन येतो, इथे आपलं भात आपल्या डोळ्यांसमोर. आणि कण्या काय फेकतात का, पेजेला त्याच लागतात. कोंडा म्हशीला.

गिरणीआधी घरोघर घिरट असायचं, दोन माणसांनी फिरवायचं भात भरडायचं मोठं जातं, मग तो भरडलेला तांदूळ उखळात सडायचा, मग सुपात पाखडायचा. हे सगळं काम बायकांचं. त्या गिरणीत बसलेल्या एका आजींनी (सगळे त्यांना बय म्हणत होते) दोन्ही हात पुढे करून घिरट कसं ओढायचं ते दाखवलं आणि म्हणाल्या की गिरण आली तेव्हा गावातल्या म्हाताऱ्या पुरुषांनी तक्रार केली, गिरणीच्या तांदळाला चव नाही. "चव नाय म्हणं. वडायचा आम्ही, चव त्यांची." मी तिथेच हसत बसले.

आणि आता माझी खरी तक्रार. गिरणीत आम्हाला जेमतेम वीस मिनिटं दिली! बांधावर तासभर, स्मारकापाशी अर्धा तास भाषण, नाश्त्याला अर्धा तास आणि गिरणीत वीस मिनिटं, "चला ताई, ऊन चढेल." आणि सगळ्यात वाईट म्हणजे चरी आणि गिरण हे दोन सुटे पॉइंट असल्यासारखे दाखवतात, पहिला पॉइंट, चौथा पॉइंट. अरे, गोष्ट एकच आहे ना! गिरणीच्या दारात जी पोती लावलेली आहेत, प्रत्येकावर कोळशाने घराचं नाव, ती पोती स्वतःच्या घरून स्वतःच्या गाडीवर आणता येतात ती त्या सहा वर्षांमुळे. नव्वद वर्षांपूर्वी यातलं अर्धं भात खोताच्या कोठारात गेलं असतं आणि उरलेलं कर्जात. मी हे पुतण्याला म्हटलं तर तो जरा थांबला आणि म्हणाला ताई, हे गिरणीतच सांगायला पाहिजे. हो, मग सांग ना. चरीला जे बोलतोस त्यातलं निम्मं गिरणीत पोत्यांच्या रांगेपाशी बोल, कुणाचे आजोबा संपात होते ते तिथेच बसलेले लोक सांगतील, तुला पाठ करायची गरज नाही.

सायकलींचं बोलायचं तर दोन प्रकार आहेत. गिअरवाल्या, दिसायला छान, त्यातल्या माझ्या सायकलचा मागचा गिअर बांधावर आपल्या मनाने बदलत होता, आणि सीट अशी की दुसऱ्या दिवशी ऑफिसात खुर्चीत बसताना मैत्रिणी हसल्या. दुसऱ्या जुन्या काळ्या दांड्याच्या, जड, पण स्प्रिंगची रुंद सीट, ब्रेक लागतात, चेन पडत नाही. नवऱ्याने काळी घेतली आणि दिवसभर खूश होता. खारेपाटात चढ नाहीत, गिअरचं तिथे कामच काय. साडी किंवा कुर्ता असेल तर लेडीज फ्रेमची आहे का विचारा, एकच आहे आणि ती बहुतेक वेळा काकांची मुलगी घेऊन गेलेली असते. हेल्मेट देतात पण आतून पुसून घ्या. निघायच्या आधी दोन्ही ब्रेक दाबून बघा, हवा दाबून बघा, काका चिडत नाहीत.

नाश्ता पुतण्याच्या घरी, तांदळाची भाकरी, सुकट, वालाचं बिरडं, चहा. तक्रार शून्य. मला वाटतं सातशेतले निम्मे पैसे भाकरीतच वसूल होतात, गरम, फुगलेली, आणि पीठ त्याच गिरणीच्या तांदळाचं. बायकांसाठी सांगते, बाथरूम फक्त तिथेच, नंतर थेट पोयनाडला परत आल्यावर, त्यामुळे पाणी जपून प्या. वाटेत सावली नाही, बांधावर एक झाड नाही, टोपी हवीच. खूप लहान मुलांना बांधावर नेऊ नका, एका बाजूला खाडी असते आणि कठडा बिठडा काही नसतो. नववी-दहावीची पोरं मात्र जरूर न्या, आमचा भाचा एरवी फोनमधून मान वर करत नाही पण उघाडीपाशी खाली उतरून दार कसं उघडतं ते हाताने ढकलून बघत होता आणि चिखलाने बरबटून आला, त्याच्या आईने मला फोनवर काय सुनावलं ते जाऊ दे.

कधी जायचं, तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. भात कापून झोडून झालेलं असतं आणि गिरणीवर गर्दी असते, तीच बघायला जायचं आहे. मार्चनंतर गिरण आठवड्यातले काही दिवसच चालते आणि ऊन असह्य. पावसाळ्यात बांधावर सायकल शक्य नाही, चिखल घोट्यापर्यंत. मुंबईहून येणाऱ्यांनी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो घ्यावी, २०२० पासून चालू आहे, स्वतःची सायकल नेता येते, पण मग कार्लेखिंड ओलांडावी लागेल हे लक्षात ठेवा. नाहीतर सरळ एसटीने पेणमार्गे पोयनाड, बसमधून उतरलं की बाजारपेठ समोरच.

एकूण, किनाऱ्याच्या फेरीला मी पाचातले तीन देईन, खारेपाटाला चार. पाचवा गिरणीतली वीस मिनिटं तासभर झाली की देईन, तसं काकांना सांगून आलेय. ते म्हणाले गिरणवाल्याला विचारतो, त्याला गर्दीच्या वेळी पायात पायात माणसं नको असतात, आणि ते बरोबरच आहे, तिथे पट्टे उघडे फिरतात, ओढणी-पदर आवळून बांधा आणि पट्ट्यांच्या बाजूला जाऊच नका.

जायच्या आदल्या संध्याकाळी फोन करून गिरण चालू आहे का हे नक्की विचारा, लाइट गेली तर ती बंद असते. गिरणवाला तांदूळ विकतोही, थोडा, घरचा, ज्याचं जास्तीचं भात असतं त्याच्याकडचा. पाच-दहा किलो घ्यायचा असेल तर सकाळी सायकल निवडतानाच कॅरियरवाली काळी मागून घ्या, गिअरवालीला कॅरियर नाहीये, आणि पिशवी हँडलला लटकवून बांधावरून येणं मला तरी जमलं नसतं, नवऱ्याच्या कॅरियरवर टाकला म्हणून आला.